ऋण, फळ आणि संशोधकाच्या नावावरची जमा

विज्ञानातील संशोधकाचे मोठेपण कशावरून ठरवावे, या प्रश्नाला गेल्या साठेक वर्षांत एक आकडेबंद उत्तर रूढ झाले आहे. संशोधकाने किती शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि त्या निबंधांचा आधार इतरांनी किती वेळा घेतला, या दोन संख्यांवरून त्याच्या कार्याचे वजन केले जाते. एका निबंधाने दुसऱ्याचा असा नामनिर्देशपूर्वक दाखला देणे म्हणजे उद्धरण, ज्याला संशोधकांच्या बोलीत सायटेशन म्हणतात. आणि अमुक निबंधाला किती उद्धरणे मिळाली यालाच त्याचा प्रभाव समजण्याची रीत निवड समित्यांपासून निधी देणाऱ्या मंडळांपर्यंत सर्वत्र पडली आहे. वरवर पाहता हा प्रशासनाचा विषय वाटतो. परंतु कर्म आणि त्याचे फळ यांना जोडणारा दुवा कोणता, फळ दिसले नाही तर कर्म वाया गेले असे म्हणावे काय, आणि ज्ञान एकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा देणेकरी कोण ठरतो, हे भारतीय दर्शनांनी शतकानुशतके खल केलेले प्रश्न या हिशेबाच्या पोटात आहेत, आणि ते तेथे आहेत याची जाणीव हिशेब करणाऱ्यांना क्वचितच असते.

उद्धरणांची सूची करण्याची कल्पना अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ या सूचिग्रंथाच्या रूपाने ती व्यवहारात आली. तिचा मूळ हेतू माणसांची प्रतवारी लावण्याचा नव्हता. जुन्या निबंधातील एखादे विधान पुढे कोणी दुरुस्त केले आहे किंवा खोडून काढले आहे काय, हे वाचकाला शोधता यावे आणि कालबाह्य झालेल्या माहितीवर कोणी आंधळेपणाने विसंबू नये, हा त्यामागचा विचार होता. त्याच सामग्रीतून पुढे इम्पॅक्ट फॅक्टर निघाला, म्हणजे एखाद्या नियतकालिकाने मागील दोन वर्षांत छापलेल्या निबंधांना चालू वर्षात सरासरी किती उद्धरणे मिळाली याचे गुणोत्तर; आणि २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी व्यक्तीसाठी एच-इंडेक्स सुचवला, ज्यात एखाद्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस उद्धरणे असतील तर त्याचा निर्देशांक वीस धरला जातो. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी अध्यापकांच्या निवडीसाठी आणि बढतीसाठी प्रकाशनांना गुण दिले, त्यानंतर पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे जे पीक आले ते सर्वांना ठाऊक आहे, आणि त्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. मोजमाप भ्रष्ट होते ही गोष्ट दुय्यम आहे. ते भ्रष्ट झाले नसते तरी त्याने नेमके काय मोजले असते, हा प्रश्न अधिक मूळचा आहे.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर तालुक्यात कुकडी नदीच्या काठी वसलेले बोरी बुद्रुक हे गाव या प्रश्नाचे एक चांगले उदाहरण पुरवते. येथील नदीगाळात ज्वालामुखीच्या राखेचा एक थर आहे, आणि त्याच्या सान्निध्यात अश्मयुगीन हातकुऱ्हाडींच्या परंपरेची, म्हणजे अशूली पद्धतीची, दगडी हत्यारे मिळाली आहेत. १९८९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये या थराच्या शोधाचा निबंध आला, ज्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील अभ्यासकांचा वाटा मोठा होता, पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने काढलेले थराचे वय सुरुवातीला सुमारे १४ लाख वर्षे आले, पुढे दुसऱ्या आर्गॉन पद्धतीने ते ६ लाख ७० हजार वर्षांच्या आसपास ठेवले गेले, आणि १९९० च्या दशकात राखेतील काचकणांचे रासायनिक घटक तपासणाऱ्या परदेशी आणि भारतीय अभ्यासकांनी ही राख सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची आहे असे प्रतिपादन केले. हत्यारे १४ लाख वर्षांपूर्वीच्या आसपासची की ७५ हजार वर्षांपूर्वीच्या आसपासची, यावर भारतातील मानवाच्या प्राचीनतेचे चित्र बदलते. साहजिकच वाद पेटला, आणि वादात प्रत्येक पक्षाने दुसऱ्याचे निबंध उद्धृत केले. सूचीच्या लेखी मात्र खंडनासाठी घेतलेले नाव आणि आधारासाठी घेतलेले नाव यांत भेद नाही. एखादा निबंध चुकीचा असल्यामुळेच पन्नास वेळा उद्धृत झाला, तरी सूचीत तो पन्नास गुणांचाच.

ज्ञानाच्या प्रामाण्याविषयी, म्हणजे एखादे ज्ञान खरे कशामुळे ठरते याविषयी, मीमांसक आणि नैयायिक यांच्यात जो जुना वाद आहे त्याची येथे आठवण ठेवावी लागते. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते आणि त्याला बाध आणणारे दुसरे ज्ञान उभे राहीपर्यंत ते तसेच धरावे. नैयायिकांच्या मते त्याचे प्रामाण्य बाहेरून ठरते, त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती सफळ होते की नाही यावरून. ही दोन टोके एकमेकांपासून कितीही दूर असली तरी एका गोष्टीत दोघांचे एकमत आहे: विधानाचा पुनरुच्चार किती जणांनी केला याने त्याच्या खरेपणात भर पडत नाही. न्यायशास्त्र शब्द हे प्रमाण मानते, पण ते आप्ताच्या शब्दाला, म्हणजे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जो ती जशी आहे तशी सांगू इच्छितो त्याच्या शब्दाला. आप्तांची शिरगणती करून प्रामाण्य काढण्याची युक्ती त्याला सुचली नाही. मीमांसेने तर वेदाचे प्रामाण्य तो अपौरुषेय आहे, त्याला कर्ताच नाही, या आधारावर उभे केले. हा सिद्धांत आज कोणाला पटो न पटो, ग्रंथाचा अधिकार कर्त्याच्या नावलौकिकापासून पूर्णपणे तोडून पाहण्याचा इतका धीट प्रयत्न दुसरीकडे क्वचितच झाला असेल.

प्रामाण्याकडून फळाकडे वळले, तर प्रतिकारशक्तीच्या शास्त्रात फळाचा प्रश्न इतर शास्त्रांहून अवघड होतो, कारण या शास्त्राचे सर्वांत मोठे फळ अभावाच्या रूपात असते. लस टोचली जाते त्या क्षणी बाहेरून दिसण्यासारखे फारसे घडत नाही. शरीरातील विशिष्ट पांढऱ्या पेशी परक्या कणाची ओळख करून घेतात, त्यांतील काही स्मृतिपेशी म्हणून वर्षानुवर्षे टिकतात, आणि पुढे कधी खरा जंतू आलाच तर त्या वेगाने वाढून त्याला आवरतात. माणूस आजारी पडत नाही, आणि जो आजार झाला नाही तो कोणाला झाला नाही हे बोट दाखवून सांगता येत नाही. अपयशाचे तसे नसते. मुंबईत प्लेगची साथ सुरू असताना वाल्डेमार हाफकिन यांनी तेथेच तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली, पुढे ती लाखोंना दिली गेली. परंतु १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले तेव्हा ते मृत्यू मोजता आले आणि त्यांचा ठपका हाफकिन यांच्यावर आला, जो १९०७ मध्ये दूर झाला. वाचलेल्यांची यादी कोणाला करता आली नाही, करता येणेही शक्य नव्हते.

कर्म आता आणि फळ पुढे, मधल्या काळात दोघांना जोडणारे काय, हा पूर्वमीमांसेचा मध्यवर्ती प्रश्न होता. यज्ञ संपतो, आहुती जळून जाते, आणि स्वर्गप्राप्ती मात्र मरणोत्तर आहे असे सांगितले जाते; संपून गेलेली क्रिया नंतर फळ कशी देणार? यावर मीमांसकांनी अपूर्व नावाची कल्पना मांडली: कर्मातून कर्त्याच्या ठायी एक अदृष्ट सामर्थ्य उत्पन्न होते, ते पूर्वी नव्हते आणि डोळ्यांना दिसत नाही, पण फळ येईपर्यंत ते टिकून राहते. लसीने उत्पन्न होणारी प्रतिकारस्मृती ही अपूर्वाची सिद्धता आहे असे म्हणणे पोरकटपणाचे होईल, आणि जुन्या ग्रंथांत नव्या शास्त्राचे मूळ शोधण्याच्या छंदाला येथे थारा देण्याचे कारण नाही. स्मृतिपेशी प्रयोगशाळेत मोजता येतात, अपूर्व मोजता येत नाही. तरीही दोन्ही ठिकाणी विचाराची घडण सारखी आहे, आणि कर्म व फळ यांच्यातील लांब अंतर धीराने सोसण्याची जी वृत्ती मीमांसकांनी अंगी बाणवली होती ती दोन वर्षांच्या खिडकीतून फळ पाहणाऱ्या इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये औषधालाही सापडत नाही. कुष्ठरोगाचा जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत अनेकदा पाच वर्षे जातात, काही वेळा वीस. त्या रोगावरील लसीचा अभ्यास दोन वर्षांच्या मापाने मोजणे म्हणजे काय, याचा विचार वाचकानेच करावा.

या संदर्भात कमल रणदिवे यांचे कार्य तपासण्यासारखे आहे. त्या रूढ अर्थाने पेशीविज्ञानाच्या आणि कर्करोगाच्या अभ्यासक. परंतु कुष्ठरोगावरील लसीच्या इतिहासात त्यांचे स्थान असल्यामुळे प्रतिकारशास्त्राच्या हिशेबातही त्यांची नोंद होते. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात त्यांचा जन्म झाला, वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास करून त्या मुंबईस गेल्या आणि विकृतिशास्त्रज्ञ वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्यानंतर जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर काचपात्रात पेशी वाढवण्याचे तंत्र, शिकून त्या परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी त्या तंत्राची प्रयोगशाळा उभी केली, जी देशातील अशा पहिल्या प्रयोगशाळांपैकी होती. स्तनाच्या कर्करोगात संप्रेरके, विषाणू आणि आनुवंशिकता यांचा परस्परसंबंध त्यांनी उंदरांच्या विशिष्ट वाणांवर अभ्यासला. दोनशेच्या वर शोधनिबंध त्यांच्या नावावर सांगितले जातात. १९७३ मध्ये भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेच्या स्थापनेत त्या अग्रभागी होत्या, १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, आणि २००१ मध्ये त्यांचे निधन झाले.

यांतील कोणते काम उद्धरणसूचीत दिसेल आणि कोणते दिसणार नाही? निबंध दिसतील, तेही ज्या नियतकालिकांची नोंद सूचीत आहे त्यांतले. सूचीचा जन्म १९६४ चा आणि तिची नजर अमेरिका व युरोपकडे लागलेली, त्यामुळे स्वातंत्र्योत्तर भारतातील कित्येक नियतकालिके तिच्या कक्षेबाहेरच राहिली. प्रयोगशाळा उभी करणे, उंदरांचा वाण पिढ्यान्‌पिढ्या शुद्ध राखणे, काचपात्रातील पेशींना जंतुसंसर्ग होऊ न देण्याची शिस्त विद्यार्थ्यांच्या हाती उतरवणे, हे सर्व निबंधापूर्वीचे काम असते आणि त्याला उद्धरण नसते. उलट एखादी उपयुक्त कृती लिहून ठेवणारा निबंध गुणांच्या राशी जमा करतो. जगात सर्वाधिक उद्धृत निबंधांत ज्याची गणना होते तो ऑलिव्हर लाउरी यांचा १९५१ चा निबंध द्रावातील प्रथिनांचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीवर आहे, आणि तो आपला श्रेष्ठ निबंध नव्हे असे खुद्द लाउरी यांचेच मत होते. याच्या उलट टोकाला एखादा शोध इतका मुरून जातो की त्याचे नाव घेण्याची गरजच कोणाला वाटत नाही. रक्तद्रवातील प्रतिपिंडे विषाला निष्प्रभ करतात हे बेरिंग आणि किटासाटो यांनी १८९० मध्ये दाखवले, पण आज प्रतिपिंडांवर लिहिणारा सहसा त्यांचा दाखला देत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या घटनेला सामावून जाण्यातून पुसले जाणे असे म्हटले आहे.

रणदिवे यांच्या कुष्ठरोगविषयक कामाची कथा तर फळाविषयीची सर्व सोपी गणिते मोडून टाकणारी आहे. बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी १९५८ मध्ये कुष्ठरुग्णाच्या गाठीतून वेगळे करून काचपात्रात वाढवलेल्या जंतूंचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतीय कर्करोग संशोधन केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना आयसीआरसी जंतू म्हणतात. नॉर्वेतील आर्माउअर हान्सन यांनी १८७३ मध्ये पाहिलेला कुष्ठरोगाचा खरा जंतू मात्र प्रयोगशाळेच्या कृत्रिम पोषकात आजवर निर्विवादपणे वाढलेला नाही, आणि मुंबईत वाढवलेला जंतू पुढे दुसऱ्याच एका गटातील, पक्ष्यांच्या क्षयाशी नाते असलेल्या जंतूंचा भाईबंद ठरला. म्हणजे कुष्ठरोगाचाच जंतू हाती लागला ही आशा टिकली नाही. तरीही या जंतूचे काही अंश कुष्ठजंतूशी इतके मिळतेजुळते होते की त्याच्याशी ओळख झालेले शरीर कुष्ठजंतूलाही ओळखू शकेल अशी शक्यता दिसली, आणि १९७९ पासून माधव देव यांच्या नेतृत्वाखाली त्याची लस रुग्णांवर तपासली जाऊ लागली. दक्षिण भारतात चार लसींची तुलना करणाऱ्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले तेव्हा या लसीचे संरक्षण सुमारे ६५ टक्के भरले. पहिल्या निबंधापासून या आकड्यापर्यंत चाळीस वर्षे लोटली होती. इतक्यात बहुऔषधी उपचारांनी कुष्ठरोगाचे रूप पालटले होते, २००५ च्या अखेरीस दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण ही पातळी देशाने गाठली ती मुख्यतः त्या उपचारांमुळे, आणि ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात कधी शिरली नाही. मूळ आशा फोल, त्यातून आलेली लस परिणामकारक, आणि लोकांच्या आरोग्यातला तिचा वाटा नगण्य: याला सफळ कर्म म्हणावे की निष्फळ, हे कोणत्याही निर्देशांकाला सांगता येणार नाही, आणि येथे अपूर्वाचा सिद्धांतही अपुरा पडतो, कारण तो सिद्धांत उशिरा येणाऱ्या फळासाठी आहे, कधीच न येणाऱ्या फळासाठी नाही.

म्हणून प्रश्नाकडे फळाच्या बाजूने न पाहता ऋणाच्या बाजूने पाहणे आवश्यक होते. तैत्तिरीय संहितेत ब्राह्मण तीन ऋणे घेऊनच जन्मतो असे म्हटले आहे: ऋषींचे ऋण, जे अध्ययनाने फिटते, देवांचे, जे यज्ञाने, आणि पितरांचे, जे संततीने. संशोधनातील उद्धरण हे अर्थाच्या दृष्टीने ऋषिऋणाच्या जातीचे आहे. आपल्याआधी ज्याने पाहिले त्याचे नाव घेतल्याशिवाय आपण जे पाहिले ते सांगू नये, ही मर्यादा त्यात आहे. व्यापाऱ्याच्या खतावणीत एकाच व्यवहाराची एक बाजू नावे आणि दुसरी जमा पडते. उद्धरण ही वास्तविक उद्धृत करणाऱ्याच्या नावे पडणारी रक्कम, त्याने घेतलेल्या उसनवारीची कबुली. सूचीकारांनी ती नावेची बाजू सोडून दिली आणि फक्त जमेची पाने फाडून घेऊन त्यांचा वेगळा ग्रंथ बांधला. त्यानंतर मोठ्या नावाला अधिक उद्धरणे मिळतात आणि अधिक उद्धरणांमुळे नाव अधिक मोठे होते, हा फेरा सुरू झाला, ज्याला मर्टन यांनी १९६८ मध्ये बायबलातील मॅथ्यूच्या शुभवर्तमानावरून नाव दिले. त्या निबंधाची बरीच सामग्री समाजशास्त्रज्ञ हॅरिएट झुकरमन यांनी घेतलेल्या मुलाखतींतली होती आणि त्यांचे नाव सहलेखिका म्हणून यायला हवे होते, हे मर्टन यांनी पुढे मान्य केले. श्रेयाच्या अन्यायावरील निबंधात तोच अन्याय घडावा यावर अधिक टिप्पणी नको.

शतपथ ब्राह्मणात या विचाराला आणखी एक वळण मिळते. तेथे जो कोणी अस्तित्वात आहे तो ऋण म्हणूनच जन्मतो असे सांगून तीन ऋणांत चौथ्याची, मनुष्यऋणाची, भर घातली आहे, आणि माणसांना आश्रय व अन्न देण्याने ते फिटते असे म्हटले आहे. अध्ययनाचा अधिकार एका वर्णाशी बांधून ठेवणाऱ्या परंपरेने हा विस्तार आचरणात किती आणला हा वेगळा आणि फारसा सुखद नसलेला इतिहास आहे; पण विचार म्हणून तो महत्त्वाचा आहे, कारण प्रतिकारशास्त्रातील सर्वांत मोठी देणी याच चौथ्या प्रकारची असतात. ज्यांच्या गाठींतून मुंबईत जंतू वेगळे काढले गेले ते कुष्ठरुग्ण, ज्यांनी लसचाचणीसाठी हात पुढे केला ते दक्षिणेतील गावकरी, हे कोणत्याही संदर्भसूचीत येत नाहीत. रणदिवे ज्यांच्याकडे शिकल्या त्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेतच १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतील पेशी तिच्या संमतीविना वाढवल्या गेल्या. त्या पेशी जगभर पसरल्या, त्यांच्यावर असंख्य निबंध निघाले, आणि त्या स्त्रीचे नाव मात्र बराच काळ चुकीचेच सांगितले जात होते.

दान आणि नाव यांचा हा गुंता जुन्नरच्या परिसराला नवा नाही. येथील लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे दानलेख आहेत. इरिल, चिट, चंद अशा यवन दात्यांची नावे त्यांत आहेत, कोणी पाण्याची टाकी दिली तर कोणी भोजनमंडप, आणि धान्य व्यापाऱ्यांच्या एका श्रेणीने, म्हणजे संघटनेने, सामुदायिक दान दिल्याची नोंदही आहे. बौद्ध विचारात दानाचे पुण्य इतरांना अर्पण करता येते आणि ‘मी’ नावाचा स्थायी कर्ता मुळात नसतोच असे मानले जाते, तरीही दात्याने आपले नाव कातळात कोरवून घेतले. हा विरोधाभास आहे, पण ढोंग नाही. येणाऱ्या वाटसरूने टाकीतले पाणी पिताना दात्याच्या पुण्यात मनाने सहभागी व्हावे, यासाठी नाव लागतेच. कातळ खोदणाऱ्या पाथरवटांची नावे मात्र दात्यांच्या मानाने फारच विरळ. त्याच तालुक्यातील आळे येथे, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले अशी श्रद्धा आहे त्या रेड्याची समाधी आहे. वेद म्हणणाऱ्या जनावराला देऊळ मिळाले, हे लोकपरंपरेच्या न्यायबुद्धीचे लक्षण म्हणावे लागेल. कर्करोग संशोधनात पिढ्यान्‌पिढ्या खपलेल्या उंदरांच्या वाट्याला केवळ वाणाचा सांकेतिक क्रमांक येतो.

यावर एक पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो कमजोर नाही. ज्या देशात नेमणुका जातीच्या, नात्याच्या आणि शिफारशीच्या बळावर होत आल्या, तेथे आकडा हा बाहेरच्या माणसाचा आधार आहे. बड्या घराण्याचा नसलेला, बोरीसारख्या गावातून आलेला तरुण निदान एवढे म्हणू शकतो की माझे निबंध वाचले गेले, हे पाहा. आकडा काढून घेतला तर उरेल ती पुन्हा आप्तांची मर्जी, आणि येथे आप्त म्हणजे न्यायशास्त्रातला नव्हे तर व्यवहारातला. ऋण, अपूर्व, मनुष्यधर्म असल्या भारदस्त कल्पनांची भाषा करणाऱ्यांनीच पूर्वी अध्ययनाची दारे बंद ठेवली होती, हेही हा पूर्वपक्ष आठवून देईल, आणि ते खरे आहे. याचे उत्तर आकडा टाकून देण्यात नाही. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे जमलेल्या संपादकांनी आणि प्रकाशकांनी जो जाहीरनामा केला, त्यानेही नियतकालिकाच्या आकड्यावरून माणसाची किंमत करू नये एवढेच सांगितले. आकडा पुराव्यातील एक कागद म्हणून राहावा. परंतु कर्म का करावे याचे कारण म्हणून तो पुढे आला की तरुण संशोधक लवकर उद्धृत होईल तोच विषय निवडतो, आणि वीस वर्षे दडून राहणाऱ्या रोगाकडे कोणी वळत नाही.

मीमांसकांनी कर्मांचे जे वर्गीकरण केले त्यात काम्य आणि नित्य हा भेद मुख्य आहे. काम्य कर्म विशिष्ट फळाच्या इच्छेने करायचे. ज्याला ते फळ नको त्याने ते केले नाही तरी दोष नाही. नित्य कर्म फळासाठी नसते, ते न केल्यास दोष लागतो, केल्याने कर्तव्य पार पडते इतकेच. ऋण फेडणे हे या दुसऱ्या वर्गातले. भगवद्गीतेने फळाची आसक्ती सोडण्याविषयी जे सांगितले ते याच भूमीवर उभे आहे, मात्र तिने ते सर्व कर्मांना लागू केले. संशोधन काम्य मानले तर १९५८ च्या त्या कुष्ठविषयक निबंधाचा शेवट निराशेचा होतो, कारण इच्छिलेले फळ आले नाही. नित्य मानले तर विचारायचा प्रश्नच बदलतो. मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात यासंबंधी एक व्यवहारी निर्णय आहे: काम्य कर्मात सर्व अंगे पूर्ण झाली तरच ते पूर्ण, पण नित्य कर्म सर्व अंगे साधणे शक्य नसेल तरी यथाशक्ति करावेच, सामग्री अपुरी आहे हे ते टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. यथाशक्ति म्हणजे जेमतेम नव्हे. प्रधान अंग सुटता कामा नये. प्रयोगात तुलनेचा गट ठेवला का, नोंदी कोणालाही तपासता येतील अशा राखल्या का, ज्यांच्या शरीरातून नमुना घेतला त्यांना काय घेतले ते सांगितले का, आणि ज्यांच्याकडून शिकलो त्यांचे नाव घेतले का, ही त्या कर्माची प्रधान अंगे मानली, तर निवड समितीलाही विचारण्यासारखे पुष्कळ उरते, आणि त्यातले बरेचसे निबंध वाचल्याशिवाय कळत नाही.

रणदिवे १९८९ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, जुन्नरच्या उत्तरेस डोंगरापलीकडे लागणाऱ्या अकोले तालुक्यात सत्यनिकेतन या संस्थेच्या वतीने आदिवासी मुलांच्या पोषणस्थितीची माहिती गोळा करत होत्या आणि त्या भागातील स्त्रियांना आरोग्याविषयी मार्गदर्शन करत होत्या. अर्धपोटी शरीराची प्रतिकारशक्ती क्षीण होते, हे प्रतिकारशास्त्रानेच दाखवलेले आहे. शतपथ ब्राह्मणातले चौथे ऋण अन्नाने फेडायचे असते. त्या मुलांच्या नोंदी त्या ऋणाकडे पोचणाऱ्या होत्या, आणि त्यांना उद्धरणे किती मिळाली हे पाहण्याची कोणाला गरज वाटण्याचे कारण दिसत नाही.